हुकमाचा पत्ता

जुलै २०१३ मध्ये भारतातली तार बंद झाली. शेवटच्या दिवशी तार कार्यालयांच्या खिडक्यांवर रांगा लागल्या, लोकांनी आठवण म्हणून नातलगांना आणि काहींनी स्वतःलाच तारा केल्या, वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. तार गेली, पण तिचा कायदा राहिला. चार वर्षांनी, ७ ऑगस्ट २०१७ रोजी, इंटरनेट कोणाच्या सहीने आणि कोणत्या रीतीने बंद करायचं याचे नियम केंद्र सरकारने काढले, ते १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ ॲक्टच्या आधाराने. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव पेटला, दगडफेक झाली आणि मोबाइलचं नेट गेलं. त्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड निकामी झाला तो मोर्सच्या कट्ट-कडकट्टसाठी लिहिलेल्या कायद्याने.

सेन्सॉरशिपचा विषय निघाला की काय दाबलं, किती दाबलं याची यादी होते. मला त्याहून उपयोगी वाटतो तो साधा कारकुनी प्रश्न: हुकूम कोणाच्या नावे निघाला? लेखकाच्या, छापखानेवाल्याच्या, जकात अधिकाऱ्याच्या, वीज कंपनीच्या, की मोबाइल कंपनीच्या? गेल्या दीडशे वर्षांत हा पत्ता सारखा बदलत आला आहे आणि लोकांनी शोधलेली प्रत्येक पळवाट त्या पत्त्याच्या बगलेतूनच फुटली आहे. आजच्या व्हीपीएनची वंशावळ लावायची तर पत्त्यांवरूनच लावावी लागते.

तारेपासून सुरुवात करू. १८५४ च्या कायद्याने तारेची मक्तेदारी कंपनी सरकारने स्वतःकडे घेतली आणि पुढच्या वर्षी ती लोकांना खुली केली. १८५७ मध्ये तिची ताकद दोन्ही बाजूंना कळली. दिल्लीच्या तार कचेरीतून मेरठच्या शिपायांची खबर पंजाबकडे गेली, आणि बंडवाल्यांनी जागोजागी तारा तोडल्या. (तेव्हा तारा तोडणं हे बंडखोरांचं काम होतं. आता ते खातं सरकारने स्वतःकडे घेतलं आहे.) १८८५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात हा अनुभव मुरलेला होता. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षेला गरज पडली, तर सरकारने कोणताही संदेश अडवावा, रोखून धरावा किंवा वाचावा. आणीबाणी म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलं नाही. 'टेलिग्राफ'ची व्याख्याही दुरुस्त्या होत होत इतकी ऐसपैस झाली की तारेवरून, बिनतारी लहरींवरून, चिन्हं, चित्रं, आवाज, काहीही जावो, तो टेलिग्राफच. इंटरनेट आलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळी जागा करायची गरजच उरली नव्हती.

पण तारेचा कायदा बरीच वर्षं झोपून होता. खरी झटापट चालली होती छापील कागदावर.

लॉर्ड लिटनचा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट १४ मार्च १८७८ रोजी एकाच बैठकीत मंजूर झाला. देशी भाषांतल्या पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकाकडून जातमुचलका लिहून घ्यायचा, अनामत ठेवून घ्यायची, मजकूर खटकला तर अनामत आणि छापखाना दोन्ही जप्त. कोर्टाची भानगड नाही. हुकुमाचा पत्ता होता छापखानेवाला, आणि तोही देशी भाषेत छापणारा. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने कायद्यातली ही फट पकडली. तोवर बंगाली मजकूर देणारी पत्रिका २१ मार्चच्या अंकापासून निखळ इंग्रजीत निघाली. मालक तेच, टीका तीच, पण कायद्याचा हात तिथवर पोचेना. आठवड्याभरात काढलेली पळवाट म्हणून तिला आजही तोड नाही. लिटनचा कायदा १८८२ मध्ये रिपनने मागे घेतला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही जोडी एकाच घरातून, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, सुरू झाली होती.

मुचलक्याचा कायदा गेला तरी राजद्रोहाचं १२४ अ कलम होतं, आणि त्याचा पत्ता थेट लेखक-संपादक. १८९७ मध्ये 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि अफझलखानवधावरच्या भाषणाचा वृत्तान्त यावरून टिळकांवर खटला झाला. शिवाजी बोलला आहे, मी नाही, हा बचाव न्यायमूर्ती स्ट्रेचींपुढे टिकला नाही. दीड वर्षाची सजा झाली.

तरीही पुढे दहा वर्षांनी तीच युक्ती जास्त खुबीने वापरली गेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. विराटाच्या दरबारात कीचक सैरंध्रीला दासी म्हणून मागतो, धर्मराज सबुरीचा सल्ला देतो, भीम तो झुगारून कीचकाला मारतो. महाभारतातली गोष्ट, एक अक्षर बाहेरचं नाही. पण प्रेक्षागृहातल्या माणसाला कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातला देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल या नाटकाने इतका बिथरला की 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात त्याने त्याची हकिकत सविस्तर दिली. नाटकात कर्झनचं नाव कुठेच नाही, आणि तरी कोणाच्याही मनात शंका राहत नाही, ही त्याची तक्रार. अखेर १९१० मध्ये प्रयोगांवर बंदी आली. बंदी घालण्यासाठी सरकारला आधी कबूल करावं लागलं की कीचकात आपला लाटसाहेब दिसतो. अशा सोंगाचा हा मोठा फायदा असतो. चीनमध्ये ४ जून १९८९ ची तियानआनमेनची कत्तल नेटवर लिहिता येत नाही म्हणून लोक '३५ मे' लिहू लागले. काही काळाने '३५ मे'ही शोधातून गाळलं गेलं. सेन्सॉर सोंग ओळखतोच, पण ते ओळखण्यात त्याचा वेळ जातो. खाडिलकरांना तो तीन वर्षांचा मिळाला.

बाहेर छापून आत आणलेल्या पुस्तकांसाठी हुकूम निघायचा बंदरावरच्या जकात कचेरीच्या नावे. सावरकरांचं सत्तावनच्या समरावरचं पुस्तक प्रसिद्ध होण्याआधीच त्याच्यावर बंदी आली. १९०९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर हॉलंडमध्ये छापलं गेलं, आणि प्रती 'पिकविक पेपर्स', 'डॉन किहोटे' अशा पुस्तकांच्या वेष्टनात देशात आल्या, असं सांगतात. वरून डिकन्स, आत बॉम्ब. जकातवाला वेष्टन वाचतो, पानं नाही, ही त्या काळातली फट होती. आजचं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर चालतं. वाहून नेणाऱ्याला पाकीट दिसावं, पत्र दिसू नये.

बिनतारी आली आणि पत्ता पुन्हा बदलला. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी ॲक्टने परवान्याशिवाय यंत्र बाळगणं हाच गुन्हा केला. काय बोललात याची चौकशी नंतर, यंत्र घरात सापडलं एवढं पुरे. हे ध्यानात ठेवावं, कारण नव्वद वर्षांनी ते पुन्हा भेटतं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी रेडिओवाल्यांचे परवानेही रद्द झाले. अशा वेळी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. ४२.३४ मीटरवरून, 'भारतात कुठून तरी' बोलतो आहोत, एवढाच पत्ता त्या सांगत. वर्तमानपत्रांना छापता न येणाऱ्या बातम्या तिथे यायच्या. चितगावचा बॉम्बहल्ला आणि जमशेदपूरचा संप होताच, विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची सविस्तर हकिकतही होती.

यंत्रणा पाहण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रण एकीकडे, प्रक्षेपण दुसरीकडे, म्हणजे एक धरलं गेलं तरी दुसरं वाचावं. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या फिरत असल्यामुळे प्रक्षेपक एका घरात फार दिवस ठेवायचा नाही. चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी या टापूत बिऱ्हाडं बदलत तो फिरत राहिला. आज बंदी चुकवणारी टॉरसारखी जाळी आपले प्रवेशाचे सर्व्हर सारखे बदलतात, यादी कोणाच्याही हाती एकदम देत नाहीत, ती हीच चाल. तीन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबरला, गिरगावच्या पारेखवाडीत पोलिसांनी छापा घातला. लहरींचा माग काढणाऱ्या यंत्राने दगा दिला नव्हता, दगा दिला होता आतल्या तंत्रज्ञाने. उषा मेहतांना चार वर्षांची सजा झाली आणि येरवडा.

स्वातंत्र्यानंतर कायदे तसेच राहिले, हे सांगायला नकोच. २५ जून १९७५ च्या रात्रीचा हुकूम मात्र नवा होता. तो निघाला विजेच्या नावे. दिल्लीतल्या बहादूरशहा जफर मार्गावर बहुतेक मोठ्या पत्रांचे छापखाने होते, त्यांची वीज तोडली. सेन्सॉर नेमेपर्यंत अंकच निघू नयेत, एवढा हेतू. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' वाचले ते त्यांची वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून येत होती म्हणून. मजकूर न वाचता, कोणाशीही न भांडता, बटण बंद करून टाकायचं ही कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा अमलात आली ती त्या रात्री. काही दिवसांनी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये लोकशाही नावाच्या एका गृहस्थांच्या मृत्यूची वार्ता आली. पत्नी सत्य, पुत्र स्वातंत्र्य, आणि आशा, श्रद्धा, न्याय ही भावंडं, अशी सगळी नावं इंग्रजी आडनावांच्या वेशात. सेन्सॉर अग्रलेख वाचत होता. मयताच्या जाहिराती पैसे भरून घेणाऱ्या खिडकीवरून जातात.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून, आणि निगमचं मुख्यालय मुंबईत फोर्टमध्ये. समुद्राखालची पहिली तार मुंबईला लागली १८७० मध्ये, एडन-सुएझमार्गे, आणि त्या तारेचा धंदा कंपन्या बदलत बदलत शेवटी निगमकडेच आला. म्हणजे सव्वाशे वर्षांनीही बाहेरच्या जगाचं दार मुंबईतच, आणि किल्ली आता सरकारी खिशात. दार एकच असल्यावर हुकूमही सोपा होतो. १९९९ मध्ये कारगिलचं युद्ध चालू असताना कराचीच्या 'डॉन'चं संकेतस्थळ निगमने बंद केलं. ज्यांना ते वाचायचंच होतं त्यांनी परदेशातल्या प्रॉक्सीचा आधार घेतला. आपण प्रॉक्सीकडे जायचं, ती 'डॉन'कडे जाते, पान आणून देते. दारावरच्या शिपायाला आपण प्रॉक्सीशी बोलताना दिसतो. मधला माणूस परदेशातला असला की झालं.

पुढे खासगी कंपन्या आल्या, दारं वाढली, आणि हुकूम शेकडो सेवादात्यांना पाठवावा लागू लागला. त्यातून गमती झाल्या. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका संघटनेचा 'किनहुन' नावाचा याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. याहूने ऐकलं नाही, आणि तेवढाच एक गट वेगळा काढायची कंपन्यांची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी सगळेच याहू ग्रुप बंद केले. एका बिऱ्हाडाचं बिल थकलं म्हणून अख्ख्या चाळीची लाईट कापावी तसं. तीन वर्षांनी, ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधल्या स्फोटांनंतर, हेच पुन्हा झालं. दूरसंचार खात्याच्या यादीत सतराच्या आसपास पानं होती. कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज सरसकट अडवले. त्या भरात 'मुंबई हेल्प'ही अडकलं. जखमी कुठे दाखल आहेत, कोणाला काय हवं आहे, ही माहिती तिथे लोक एकमेकांना देत होते.

त्या आठवड्यात भारतीयांनी जी पळवाट वापरली ती पाकिस्तानात तयार झाली होती. काही महिन्यांपूर्वी तिथे पैगंबरांच्या व्यंगचित्रांच्या वादावरून ब्लॉगस्पॉट बंद झालं तेव्हा पाकिस्तानी तरुणांनी 'पीकेब्लॉग्ज' नावाचं साधन बनवलं होतं. पत्त्यातला मधला शब्द बदलायचा की पान उघडायचं. मुंबईत बॉम्ब फुटले, संशयाची सुई सीमेपलीकडे गेली, आणि मुंबईकरांना आपलीच पानं वाचायला सीमेपलीकडचं दार उपयोगी पडलं. या सगळ्या मागोव्यात मला ही नोंद सगळ्यात आवडते.

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती जवळपास चर्चेविना मंजूर झाली. त्यातल्या ६६ अ आणि ६९ अ या दोन कलमांची नावं सारखी, स्वभाव वेगळे. ६६ अ चा पत्ता लिहिणारा माणूस होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. देशभर संताप झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६ अ रद्द झालं. सगळ्यांनी पेढे वाटले. त्याच निकालात ६९ अ मात्र वैध ठरलं, तिकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही.

६९ अ चा पत्ता मधला माणूस: इंटरनेट कंपनी, समाजमाध्यम, ॲप स्टोअर. पान काढा किंवा अडवा, नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद. २००९ च्या नियमावलीतला सोळावा नियम सांगतो की या सगळ्या व्यवहाराबद्दल कडक गुप्तता पाळायची. १८७८ च्या छापखानेवाल्याला निदान नोटीस हातात मिळत होती. आता वाचकाला फक्त पान उघडत नाही एवढं कळतं, आणि लिहिणाऱ्यालाही कित्येकदा तेवढंच. न्यायालयाने कलम वैध ठरवताना आदेश लेखी असतो, कारणं नोंदलेली असतात, त्यावर दाद मागता येते, असं म्हटलं. न दिसणाऱ्या आदेशावर दाद कशी मागायची, हा प्रश्न अजून कोर्टांच्या पायऱ्या चढतो आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्स याच कलमाखाली गेली.

कंपनी अडवते कशी? फोनवर संकेतस्थळाचं नाव टाकलं की फोन आधी कंपनीच्या नामसूचीला विचारतो, हे नाव कुठल्या क्रमांकावर राहतं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नामसूचीने खोटं बोलायचं. मग पोरं सेटिंगमध्ये जाऊन कंपनीची नामसूची काढतात आणि गूगलची ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ टाकतात. २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं तेव्हा लोकांनी गूगलचे आकडे इस्तंबूलच्या भिंतींवर रंगाने लिहिले होते. यावर कंपन्यांचा पुढचा डाव असा. जोडणी एन्क्रिप्टेड असली तरी पहिल्या रामरामात फोन समोरच्या साइटचं नाव उघड घेतो, ते नाव मधल्यामध्ये ऐकायचं आणि यादीत असलं तर जोडणी तोडायची. याला उत्तर व्हीपीएन. फोनपासून सिंगापूर-ॲमस्टरडॅमपर्यंत बंद नळी, कंपनीला नळी दिसते, आतलं काही नाही. सावरकरांच्या पुस्तकाचं वेष्टनच, फक्त ते आता पाचवीतला पोरगाही दोन मिनिटांत चढवतो.

पण नळीला नेट लागतं. नेटच नसेल तर? सरकारांना हे उशिरा उमगलं आणि उमगलं तेव्हा त्यांनी जुनी तारेची पेटी उघडली.

त्याची रंगीत तालीम एसएमएसवर झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार अशा अफवा उठल्या आणि पुण्या-बंगळुरूच्या स्थानकांवर गुवाहाटीकडे निघालेल्यांची गर्दी झाली. केंद्राने पंधरा दिवसांसाठी एसएमएसवर मर्यादा घातली, सुरुवातीला दिवसाला पाचच. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांचे निरोप नेटवरून जात असल्याने त्या मोजदादीत येतच नव्हते. २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनात गुजरातने मोबाइल इंटरनेटच बंद केलं, तेही १४४ कलमाखाली. जमावबंदीचं हे इंग्रजी आमदनीतलं कलम आपल्या ओळखीचं आहे. त्याच्या वैधतेचा १९६१ चा गाजलेला निकाल नागपूरच्या गिरणी कामगारांच्या भांडणातून आला होता. गुजरात उच्च न्यायालयाने इंटरनेटसाठीही १४४ चालवून घेतलं. मग २०१७ चे नियम आले. गृहसचिवाची सही, पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत कंपन्यांना आदेश, पाच दिवसांत समितीचा आढावा. पत्ता आता फक्त चार-पाच कंपन्यांच्या दारापुरता उरला, आणि शिक्षा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला.

काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून नेट पूर्ण बंद झालं, ते या पद्धतीचं टोक होतं. तिथे नेट चालवायला लोक आगगाडीत बसले. नोव्हेंबरमध्ये गाडी सुरू झाल्यावर श्रीनगरहून बोगदा ओलांडून बनिहालला जायचं, तिथल्या सायबर कॅफेत तासाला तीनशे रुपयांपर्यंत मोजायचे, परीक्षेचा अर्ज किंवा जीएसटीचं विवरण भरायचं आणि संध्याकाळी परतायचं. गाडीला नावच पडलं 'इंटरनेट एक्स्प्रेस'. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यानंतर २जी आलं, पण उलट्या यादीसह: आधी १५३ साइट्स, मग ३०१, एवढ्याच बघायच्या, बाकी जग बंद. लोकांनी व्हीपीएनच्या फायली ब्लूटूथने आणि फाइल पाठवायच्या ॲपने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर दिल्या. फेब्रुवारीत पोलिसांनी व्हीपीएनमधून समाजमाध्यमं वापरणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. त्यात दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याबरोबर ६६ अ सुद्धा होतं, पाच वर्षांपूर्वी रद्द झालेलं. ४जी परतलं फेब्रुवारी २०२१ मध्ये.

बाकी देशात बंदी रोजची झाली. राजस्थानात शिक्षक भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद, अमरावतीत दंगलीमुळे, बीड-जालन्यात मराठा आंदोलनामुळे. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या गणतीत २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झालं, जगात सर्वाधिक. २०२४ मध्ये ८४ वर आलो आणि ८५ असलेल्या म्यानमारने पहिला नंबर घेतला. शेजारच्या त्या देशात तेव्हा लष्करी राजवट होती.

या सगळ्यात सरकारच्या ध्यानात आलं की कंपनी हा पत्ता पुरेसा नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. ग्राहक इथे, यंत्र सिंगापुरात. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून नेट बंद होतं, जुलैअखेर ब्रॉडबँड सुरू केलं ते अटींवर. वायफाय हॉटस्पॉट चालणार नाही, व्हीपीएन काढून टाकायचं, आणि ग्राहकाने तसं हमीपत्र लिहून द्यायचं. लिटनचा मुचलका १४५ वर्षांनी परत आला, छापखानेवाल्याऐवजी आता वाचकाकडून. डिसेंबर २०२४ मध्ये इंफाळजवळ सुरक्षा दलांना शस्त्रांबरोबर स्टारलिंकची खूण असलेली उपग्रह तबकडी सापडली. पुढच्या मे महिन्यात सरकारने उपग्रह कंपन्यांना अट घातली की भारतातल्या ग्राहकाची रहदारी भारतात उभारलेल्या गेटवेतूनच गेली पाहिजे. पुन्हा एक दार, पुन्हा किल्ली.

त्याच मे २०२५ मध्ये, भारत-पाक चकमकीच्या दिवसांत, जम्मूतल्या डोडा आणि राजौरीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी व्हीपीएन वापरण्यावर बंदी घातली. कलम १६३, म्हणजे नव्या संहितेतलं जुनं १४४. आदेश कंपनीच्या नावे नव्हता, व्हीपीएन पुरवणाऱ्याच्या नावेही नव्हता. जिल्ह्यात ज्याच्या खिशात फोन होता त्याच्या नावे होता. जिल्हाधिकाऱ्याचा असा आदेश एरवी दोन महिन्यांहून जास्त चालत नाही, म्हणून मुदत संपली की नवा टाइप करावा लागतो.